सुपडू गुरुजींचा रविवारचा वर्ग

सुपडू गुरुजींबरोबर काम करणं त्रासाचं होतं. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून मी त्यांचा शिष्य होतो असा कोणाचा तरी समज व्हायचा. मी शिष्य नव्हतो. वडपाणीच्या लोकल बोर्डाच्या शाळेत मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली सहायक शिक्षक होतो आणि त्यानंतर धुळ्याला एका वर्तमानपत्रात गेलो. त्या तीन वर्षांत मी दोनदा राजीनामा लिहिला. दोन्ही वेळा त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, कागदाची नीट घडी घातली आणि "हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही" असं सांगून मला परत दिला.

वडपाणी सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. खापरचा बाजार तिथून दोन कोसांवर. मी रुजू झालो त्या दिवशी शाळेत आम्ही दोघेच मास्तर होतो. तिसरी आणि चौथी यांपैकी कोणता वर्ग कोणी घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. हेडमास्तर ते होते. त्यांनी सांगितलं असतं आणि मी ऐकलं असतं. त्यांनी सभा बोलावली. सभेला हजर दोघे. ते अध्यक्ष झाले, कारण मी त्यांचं नाव सुचवावं असं त्यांनी मला सुचवलं. मग त्यांनी मला मत विचारलं. मी चौथी मागितली. त्यांनाही चौथीच हवी होती. मतं समसमान पडली. त्यांनी टोपी सारखी केली, "अध्यक्षांचं जादा मत" असं जाहीर केलं आणि चौथी घेतली. हे सगळं त्यांनी प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं आणि माझी सही घेतली.

"असिस्टंट," ते म्हणाले, "तुम्ही हरलात. पण रीतसर हरलात."

तीन वर्षं त्यांनी मला असिस्टंट याच नावानं हाक मारली.

ते मूळचे कोरीटचे, खात्यापित्या शेतकरी घरातले. त्यांच्या आधी जन्मलेली भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं त्यांना जन्मताच सुपात घालून घेतलं आणि सुपडू नाव ठेवलं. उंची बेताची, चेहरा लांबट, काळी टोपी, वर्षभर काखेत छत्री. पाऊस असला तरी छत्री उघडत नसत. तिनं फळ्यावर बोट दाखवल्यासारखं दाखवत. बोलण्याच्या त्यांच्या दोन तऱ्हा होत्या. सभेत ते पुस्तकी मराठी बोलत, "सन्माननीय सभासदांनी लक्षात घ्यावं" या थाटात. चिडले की अहिराणीवर येत. दर रविवारी साधारण पाऊण तासानं ते अहिराणीवर येत.

त्यांचं एक वाक्य मी रस्त्यात, बाजारात, तेराव्याला आणि एकदा लग्नाच्या मांडवातही ऐकलं आहे. "सूचक कोण? अनुमोदक कोण?" चार माणसांनी काही ठरवलेलं दिसलं की ते हे विचारत. बैलांचा सौदा चालला असला तरी विचारत. लोक त्यांना पाहून बोलणं थांबवत. आपल्याला मान देतात म्हणून गप्प होतात, असा त्यांचा समज होता.

घरात हे चालत नसे. त्यांच्या पत्नीचं नाव काशीबाई. एकदा मी जेवायला होतो. गुरुजी पाटावर बसून, गावच्या पाणवठ्याबद्दल कोणी बोलायचं आणि कोणत्या क्रमानं, हे मला समजावत होते. काशीबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या,

"भाकर तव्यावर शे. तिले अनुमोदन कोन देई?"

गुरुजी निमूट जेवायला लागले. त्यांना निमूट बसलेलं मी त्या एकाच ठिकाणी पाहिलं.

*

रविवारचा वर्ग त्यांचाच उद्योग. बोर्डानं सांगितला नव्हता आणि बोर्ड त्यासाठी काही देतही नव्हतं. ग्रामपंचायतीचा कायदा झालेला होता, पण आमच्या बाजूला पंचायत असलेली गावं शोधावी लागत. वडपाणीत पुढच्या वर्षी पंचायत येणार अशी बातमी लागल्यावर गुरुजींनी गावातले आणि पाड्यातले अठरा ते तीसच्या वयाचे लोक गोळा केले आणि शाळेच्या पडवीत त्यांना सभा कशी चालवायची हे शिकवायला लागले. ठराव, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, मतमोजणी. हजेरी घेत. गैरहजर माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन कारण विचारत. कारण पटलं नाही तर पुन्हा जात.

या उद्योगाला एक कारण होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावापासून अर्ध्या कोसावर भिल्लांचा पाडा होता. पाड्याला विहीर नव्हती. चैत्र-वैशाखात पाड्यातल्या बायका ओहोळात खड्डा करून त्यात झिरपणारं पाणी वाटीनं भरत. त्याच खड्ड्यावर गुरंही येत. तो आटला की गावच्या विहिरीवर येऊन कोणी ओतून देईपर्यंत बाजूला उभ्या राहत. गुरुजींनी पाड्याच्या विहिरीसाठी बोर्डाकडे तीन अर्ज केले होते. तिसऱ्या अर्जावर शेरा आला: पंचायत स्थापन झाल्यावर पंचायतीचा ठराव जोडून अर्ज करावा.

हा शेरा त्यांना भारी आवडला. तो त्यांनी भिंतीवर चिकटवला.

पंचायतीत पाच जागा होत्या. चार जागा गावानं आपसात ठरवून टाकल्या आणि ते चौघे विहिरीवर दोन-दोन असे फुटणार हे उघड होतं. पाचवी जागा खालची आळी आणि पाडा मिळून. ज्याला ती मिळेल तो विहीर ठरवणार. त्या जागेवर पाड्यातला माणूस यावा, यासाठी गुरुजींचा सगळा आटापिटा होता. आळीपेक्षा पाड्यात एक मत जास्त होतं. हिशेब सोपा होता आणि म्हणूनच गुरुजी निर्धास्त होते.

पाड्यातला माणूस म्हणजे दित्या. दितवारी, म्हणजे रविवारी, जन्मला म्हणून दित्या. वय तिशीच्या आतलं, अंगानं काटक, बोलणं कमी. पाड्यात भांडण झालं की लोक त्याच्या झोपडीपुढे येऊन बसत. तो निवाडा करत नसे, नुसता बसत असे. सगळे बसत. कधी दुपारपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. कोणाला काही बोलायचं उरलं नाही की उठत. मग भांडण मिटलेलं असे. गुरुजींनी हे एकदा पाहिलं आणि त्यांचं डोकं दुखायला लागलं.

"यात ठराव कुठे झाला?" ते मला विचारत होते. "मोजलं कोणी?"

*

पहिली कटकट वर्ग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी झाली. वर्ग कुठे भरवावा यावर मतदान होतं. गावातल्या एकानं शाळेची पडवी सुचवली. पाड्यातल्या एकानं मोहाचं झाड सुचवलं. दोघांना अनुमोदन मिळालं. गुरुजी खूश होते. हजर चोवीस, गावचे अकरा, पाड्याचे तेरा.

"पडवीच्या बाजूनं हात वर करावेत," गुरुजी म्हणाले.

चोवीस हात वर झाले.

"मोहाच्या झाडाच्या बाजूनं."

तेरा हात वर झाले.

गुरुजींनी वहीत आकडे लिहिले, बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"चोवीस माणसांची सदतीस मतं," ते म्हणाले. आवाज अजून पुस्तकी होता. "सन्माननीय सभासदांनी खुलासा करावा."

दित्या म्हणाला, "गुरुजी, आमले झाडच पाहिजे."

"मंग पडवीले कसाले हात वर कया?"

"तो भाऊ उभा ऱ्हायना. त्यानी सांगं, पडवीमा बसू. त्याले तोंडवर नही कसं म्हनानं?"

"आरे, पन तुले पडवी नको शे ना?"

"नको."

"मंग?"

"मंग बसू. बोलू. तोच म्हनी, जाऊ द्या, झाडखाले बसू."

गावातली मुलं हसायला लागली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी छत्री उचलली, टोकानं जमिनीवर एक रेघ मारली आणि म्हणाले की प्रत्येक माणसाला एकच हात आहे असं समजावं. पाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं आपले दोन्ही हात पाहिले. त्याचं नाव सोम्या. तो वयात बसत नव्हता, पण दर रविवारी येत असे आणि त्याला घरी पाठवायची गुरुजींना हिंमत होत नसे.

त्यानंतरचे काही महिने ते एकाच गोष्टीच्या मागे होते: नाही म्हणायला शिकवणं. एका रविवारी ते स्वतः उमेदवार म्हणून उभे राहिले आणि म्हणाले, मला मत देऊ नका. सगळ्यांनी हात वर केले. ते ओरडले. लोकांनी हात आणखी वर केले. पुढच्या रविवारी त्यांनी मला उभं केलं. मला तर आळीतल्या पोरांनीही मत दिलं. मी शाळेतला मास्तर होतो. शेवटी त्यांनी पडवीत एक घागर ठेवली आणि जाहीर केलं की ही उमेदवार आहे. "घागरीच्या बाजूनं?" एकही हात वर झाला नाही. "घागरीच्या विरुद्ध?" सगळे हात वर. गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी वहीत लिहिलं: नकाराचा पाठ पूर्ण.

मी म्हणालो की घागर कोणाच्या समोर उभी नाही, ती कोणाची पाहुणी नाही, सोयरी नाही, तिला नाही म्हणायला काही लागत नाही.

"असिस्टंट," ते म्हणाले, "तुम्ही प्रत्येक कामात खोट काढता."

*

निवडणुकीच्या दिवशी मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून आला. शाळेपुढच्या मोकळ्या जागेत दोरी बांधली. मतदार आत, बाकीचे बाहेर. मतदान हात वर करून. गुरुजी बोर्डाच्या शाळेचे नोकर असल्यानं त्यांना आत जायची मुभा नव्हती. ते आणि मी दोरीबाहेर उभे होतो. त्यांनी धुतलेला कोट घातला होता.

दित्याच्या विरुद्ध उत्तम पाटील उभा होता. आळीतला तालेवार शेतकरी, वय पस्तिशीचं, गोडबोल्या. तो सकाळी पाड्यात जाऊन घरोघर राम राम करून आला होता. विहिरीचं विचारलं तर "बघू ना, का नही" म्हणाला होता. त्याचे चुलते पंचायतीत विहिरीच्या विरुद्ध बसणार होते, हे पाड्यालाही माहीत होतं.

कारकुनानं पहिलं नाव उत्तमचं पुकारलं. आळीचे सत्तावीस हात वर झाले. पाड्याचे अठ्ठावीस लोक दित्याकडे पाहत होते. मला तो क्षण नीट आठवतो, कारण त्या वेळी गुरुजींनी माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखायला लागलं होतं. दित्या उत्तम पाटलाकडे पाहत होता. उत्तम चार पावलांवर उभा होता. त्यानं दित्याकडे पाहून मान लववली.

दित्यानं हात वर केला. त्याच्यामागोमाग सगळ्या पाड्यानं हात वर केले.

कारकुनानं मोजले. पंचावन्न. मग म्हणाला, "ज्यांनी आता हात वर केला, त्यांनी पुन्हा करायचा नाही." मग त्यानं दित्याचं नाव पुकारलं.

एकही हात वर झाला नाही. पाड्याच्या लोकांनी या वेळी नियम तंतोतंत पाळला.

दित्याला मिळालेली मतं: शून्य.

उत्तम पाटील दोरीबाहेर आला तो सरळ गुरुजींकडेच. "गुरुजी, वर्ग चांगला चालाडा तुम्ही! कितला शिस्तमा हात वर करतस हो!" आळीचे लोक टाळ्या देत हसत होते. गुरुजी त्याच्याकडे पाहत नव्हते. ते दित्याकडे गेले. मला वाटलं ते त्याला मारतील. त्यांनी छत्री उचलली होती.

"तू सोताना इरुद्ध मत दिधं," ते म्हणाले.

"हा, गुरुजी."

"कसाले?"

"सोतासाठे हात वर करानं म्हंजे," दित्या म्हणाला, आणि शब्द शोधायला थांबला. "जसं पंगतमा आपलाच पानवर आपनच वाढी लेनं."

गुरुजींनी छत्री खाली घेतली. मग म्हणाले, "पानी कोन पेवाव शे? मी?" आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी मी गेलो तेव्हा ते वहीत काही लिहीत नव्हते. काशीबाई पोलकं शिवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "वरीसभर तुम्ही त्यासले हात वर कराले शिकाडं. हात खाले ठेवाले कोन शिकाडी?"

गुरुजी म्हणाले की घागरीचा पाठ घेतला होता. काशीबाईंनी दोरा तोडला.

*

पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली कळसाडीला झाली. कोणी अर्ज केला होता की नेहमीची बदली होती, ते मला सांगता येणार नाही. मी चौकशी केली. काही हाती लागलं नाही. त्याच सुमारास मीही नोकरी सोडून धुळ्याला गेलो. माझा तिसरा राजीनामा त्यांच्या हातून जाणार नव्हता, म्हणून तो मंजूर झाला.

कळसाडीलाही त्यांनी रविवारचा वर्ग काढला. तिथली पोरं ऊस आणि कापसाच्या कामातून वेळ काढून येत आणि पटापट शिकत, असं त्यांनी मला कळवलं. समाधानाचा एक शब्द त्या कार्डात नव्हता. त्यांची कार्डं नियमित येत. निम्म्या कार्डांत माझ्या बातम्यांमधल्या चुका असत: अमुक सभेला अध्यक्ष कोण होते ते दिलेलं नाही; ठराव ‘झाला’ म्हणजे किती विरुद्ध किती? उरलेल्या निम्म्यात दित्यावर राग असे. माणूस कळसाडीत बसून वडपाणीतल्या माणसावर इतका सातत्यानं रागावू शकतो, हे मला नवीन होतं. ते दर दिवाळीत वडपाणीला जात आणि पाड्यात बसून भांडून येत.

तिकडे काय चाललं होतं ते त्यांच्या कार्डांतूनच कळे. पंचायतीत विहिरीचा विषय दोनदा आला. दोन्ही वेळा आदल्या दिवशी पाड्याचे लोक उत्तम पाटलाच्या दारात जाऊन बसले. दोन्ही वेळा तो म्हणाला, "व्हई जाई, काळजी नका करा." त्यानं त्यांना गूळ-शेंगदाणे दिले. दुसऱ्या दिवशी पंचायतीत त्यानं चुलत्यांच्या बाजूनं हात वर केला. विषय तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. ‘रीतसर फेटाळला,’ असं गुरुजींनी लिहिलं होतं आणि रीतसर या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. कागद फाटला होता.

तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. कार्ड आलं: ‘हजर राहावे. साक्षीदार लागतील.’

दुसरी मोठी लढाई सुरू झाली होती. पेट्रोल मिळत नव्हतं आणि सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढावर उतारूंना उतरून ढकलावं लागे. मी खापरला पोचलो तेव्हा गुरुजी आधीच आलेले होते. अंगावर कोळशाची काजळी, काखेत छत्री. कळसाडीहून निघून ते अर्धी वाट चालत आले होते. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. मी उशिरा आल्याचं सांगितलं आणि वडपाणीकडे चालायला लागले. वाटेत दोन कोस मी निवडणुकीचे नियम ऐकले.

पाड्यात सोम्या म्हातारा भेटला. गुरुजींनी त्याला धरलं.

"या येळले काय करशात?"

"बठनूत आमी," सोम्या म्हणाला. म्हणजे पाडा बसला होता. "तीन दिन बठनूत."

"मंग काय ठरनं?"

"उत्तम पाटीलले आमी तोंडवर हा सांगं आनि हात दिधा. त्यानी आमले तोंडवर हा सांगं आनि हात नही दिधा." म्हातारा थांबला. "तसा मानूसले काय देवानं, ते ठरनं."

"काय ठरनं?"

"ते तुमले कसं सांगाव? तुमी दोरीना बाहेर शेतस."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. नियम बरोबर होता. त्यांनीच शिकवला होता.

*

पुन्हा तीच मोकळी जागा आणि तशीच दोरी. अव्वल कारकून नवा होता, घामाघूम झालेला. या वेळी आळीचे एकोणतीस, पाड्याचे तीस. कारकुनानं उत्तम पाटलाचं नाव पुकारलं. आळीचे हात वर झाले.

पाड्याचे हात वर झाले नाहीत.

उत्तमला हे लगेच कळलं नाही. तो आळीकडे तोंड करून उभा होता. मग तो वळला. त्यानं एकेकाकडे पाहिलं, मान लववली, हसला. तीस माणसं जमिनीकडे पाहत बसली होती. कोणी गवताची काडी मोडत होतं. सोम्या म्हाताऱ्याचा उजवा हात गुडघ्यावरून उठायला लागला. त्यानं तो धरला, मांडीखाली घातला आणि त्यावर बसला. कारकून मोजत होता, त्याला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ उत्तम पाटील त्यांच्यासमोर उभा होता. मी पुढे बऱ्याच निवडणुका पाहिल्या. न उचललेल्या हातांना इतके कष्ट पडताना पुन्हा पाहिले नाहीत.

"एकोणतीस," कारकून म्हणाला. मग दित्याचं नाव पुकारलं.

पाड्याचे हात वर झाले. गुरुजी माझ्या शेजारी पुटपुटत मोजत होते. एकोणतिसावर ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा एकोणतीस.

दित्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"समान मतं," कारकून म्हणाला. "चिठ्ठी टाकावी लागेल. कोणी मत द्यायचं राहिलं आहे का?"

"राहिलंय!" गुरुजी ओरडले. "एक राहिलंय! दित्या! आरे गध्या, हात!"

कोतवालानं त्यांना मागे सारलं. सगळे दित्याकडे पाहत होते. तो उठला. मला वाटलं तो बाहेर निघून जाणार. तो उत्तम पाटलासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"पाटील," तो म्हणाला, "हात वर करू का?"

उत्तमनं कारकुनाकडे पाहिलं, मग आळीकडे. सगळं गाव ऐकत होतं. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून जे आलं ते सवयीनं आलं.

"कर ना भो. माले काय इचारस?"

दित्यानं हात वर केला. खांद्याच्या फार वर नाही. कारकुनानं लिहून घेतलं: तीस.

पाड्याचे लोक उठायच्या आत गुरुजी दोरीखालून वाकून आत शिरले होते. मी त्यांचा कोट धरला, तो सुटला.

"हरकतीचा मुद्दा!" ते कारकुनासमोर उभे राहून म्हणाले. "मतदाराने मतदान चालू असताना प्रतिस्पर्धी उमेदवाराची परवानगी मागितली. हे मत नियमात बसतं का, याचा निर्णय व्हावा!"

चार वर्षं ज्या एका हातासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, तोच हात ते आता खोडायला निघाले होते. मी त्यांच्या दंडाला धरून मागे ओढत होतो. उत्तम पाटीलसुद्धा त्यांच्याकडे आ वासून पाहत होता.

कारकुनानं कपाळाचा घाम पुसला. "मास्तर, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"नियमाच्या."

"मग नियम सांगतो. दोरीच्या आत यायचं नाही."

गुरुजींनी दोरीकडे पाहिलं. मग जिथून आले होते तिथूनच वाकून बाहेर गेले.

विहिरीचा ठराव पुढच्या महिन्यात तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. सूचक दित्या. ही बातमी मी आकड्यांसकट छापली आणि त्याबद्दल कार्ड आलं नाही.

गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते मात्र मतदानाच्या त्या दुपारी. त्यानंतर माझी बदली मुंबईच्या कचेरीत झाली आणि काही वर्षांनी कोरीटहून त्यांच्या निधनाचं पत्र आलं. पाड्यात त्या निवडणुकीच्या दिवशी जेवण होतं. दित्यानं त्यांना थांबा म्हटलं. त्यांना खापरहून मोटार गाठायची होती आणि दुसऱ्या दिवशी शाळा होती. ते थांबले नाहीत. कोणाचं अभिनंदनही केलं नाही. छत्री काखेत मारून उन्हात चालायला लागले. शेताच्या बांधापर्यंत गेले, तिथे थांबले, वळले आणि तेवढीच वाट तुडवत परत आले. पाड्याचे लोक उठून उभे राहिले. आता ते काही बरं बोलतील असं मलाही वाटलं.

ते दित्यासमोर येऊन उभे राहिले.

"पुढला येळले," ते म्हणाले, "कोनलेच इचारानं नही. समजनं?"

"हा, गुरुजी," दित्या म्हणाला.

गुरुजींनी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. हा होकार खरा की तोंडावरचा, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. मग ते वळले आणि खापरच्या वाटेला लागले.